फवारणीचे औषध आणि फवारणाऱ्याचे शरीर

आपल्या बोलीत 'औषध' हा एकच शब्द दोन कामे करतो. मुलाला ताप आला म्हणजे आपण त्याला औषध देतो आणि कपाशीवर मावा पडला म्हणजे तिलाही औषध मारतो. कृषी केंद्राच्या पाटीवर 'बियाणे, खते व औषधे' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. एखाद्या घरातून रडण्याचा आवाज आला आणि 'त्याने औषध घेतले' असे कुणी सांगितले, की कोणते औषध हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणजे हे विष आहे ही गोष्ट आपल्या भाषेला पक्की ठाऊक आहे. फक्त ते पिण्याचे विष आहे, असा आपला समज होऊन बसला आहे. प्यायले तर माणूस मरतो; अंगावर सांडले तर काय, धुतले की झाले! प्रस्तुत लेखाचा विषय हा अंगावर सांडलेल्या विषाचा आहे.

आम्ही डॉक्टर नाही की कृषितज्ज्ञ नाही. बँकेत कारकुनी करतो. परंतु खरिपाच्या दिवसांत पीककर्जासाठी येणारा शेतकरी आमच्याच टेबलासमोर बसतो आणि बियाणे, खत, निंदण, फवारणी असा सगळा खर्च बोटांवर मोजून दाखवतो. त्या खर्चात फवारणीचे औषध असते, पंपाचे भाडे असते, फवारणाऱ्याची मजुरी असते. फवारणाऱ्याच्या दवाखान्याचा खर्च कुणीच धरीत नाही. ह्या न धरलेल्या खर्चाचा विचार करता करता आम्ही या विषयावर जे वाचले व जाणत्यांना विचारले, ते संस्थेच्या सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुळात पाठीवर पंप कुणाच्या असतो? बीबी परिसरात, किंबहुना लोणार-मेहकर-सिंदखेडराजा या सगळ्याच पट्ट्यात, सोयाबीन, कपाशी आणि तूर ही पिके. आषाढापासून दसऱ्यापर्यंत फवारण्या चालतात. ज्याच्याकडे दोन-तीन एकर आहे तो स्वतःच फवारतो. ज्याच्याकडे जास्त आहे तो मजूर सांगतो, आणि पुष्कळ ठिकाणी हे काम दिवसावर नसून पंपावर असते. जितके पंप रिकामे, तितके पैसे. मग तरुण पोरगा सकाळपासून दुपार टळेपर्यंत पंप भरतो आणि रिकामा करतो. मध्ये थांबून हात धुणे म्हणजे एक पंप बुडवणे. हा पोरगा बहुधा भूमिहीन घरातला असतो. आपल्या वस्तीतला असतो. एका शेतात काम संपले की दुसऱ्या शेतात, असा तो हंगामभर रोज विषात भिजतो. मालक वर्षातून चार-सहा वेळा फवारणीच्या वासात येतो, मजूर चाळीस-पन्नास वेळा. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळणार नाही.

अंगातून विष कसे जाते

विष शरीरात तीन वाटांनी शिरते. तोंडाने, श्वासाने आणि कातडीतून. फवारणाऱ्याच्या बाबतीत बहुतेक वेळा तिसरी वाट सर्वांत मोठी असते, आणि नेमकी तीच आपण मोजत नाही. 'मी तोंडाला रुमाल बांधला होता' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. रुमाल तोंडाला, आणि पाठ, मांड्या, हात सगळे ओले!

द्रवरूप औषधाचे झाकणभर थेंब पाण्यात टाकले की बादलीतले पाणी दुधासारखे पांढरे होते, हे सर्वांनी पाहिले असेल. असे होते कारण विष पाण्यात विरघळत नाही. ते तेलासारख्या द्रावणात विरघळवलेले असते आणि त्या तेलाचे बारीक कण पाण्यात तरंगतात. आपली कातडी पाणी अडवते, पण तेलकट पदार्थ तिच्यातून सावकाश आत झिरपतो. अंग मालिश करताना तेल जिरते तसे. म्हणूनच नुसत्या पाण्याने हात खंगाळून उपयोग होत नाही, साबण लागतो.

सगळीकडची कातडी सारखी नसते. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेतील संशोधकांनी पॅराथिऑन या कीटकनाशकाचा अत्यल्प अंश माणसांच्या शरीरावर निरनिराळ्या ठिकाणी लावून किती शोषला जातो ते मोजले. मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताचे शोषण 1 धरले, तर कपाळाचे 4 पट, काखेचे 7 पट आणि वृषणाच्या कातडीचे जवळजवळ 12 पट भरले. आता पाठीवरचा पंप आठवा. झाकण सैल, वॉशर झिजलेला, वाकले की पाणी पाठीवरून ओघळत कमरेच्या करगोट्यापर्यंत आणि तिथून खाली. छातीइतक्या कपाशीतून चालताना मांड्या ओल्या होतात त्या वेगळ्याच. शरीरातील सर्वांत नाजूक जागा सर्वांत जास्त वेळ भिजून राहते, आणि लाजेपोटी त्याबद्दल कुणी कुणाशी बोलत नाही. ही माहिती वाचली तेव्हा आम्हांला पहिल्यांदा कळले, की फवारणीनंतरची आंघोळ आणि धुतलेली चड्डी हा आरोग्याचा केवढा मोठा भाग आहे.

उन्हाने आणि घामाने शोषण वाढते. कुठे ओरखडा असेल, पायाला चिखल्या झाल्या असतील तर अधिकच. शिवाय आपल्या सवयी आहेत. नोझल तुंबले की तोंडाने फुंकणे. काडी सापडली नाही तर हातानेच औषध ढवळणे. आणि खर्रा. पन्नी सोडायची, बोटांनी चिमूट घ्यायची, तोंडात धरायची. औषधाचा हात, तंबाखू आणि तोंडाचे ओले कातडे, असा त्रिवेणी संगम दिवसातून दहा वेळा होतो. बिडीचेही तेच.

आत गेल्यावर

कीटकनाशकांची कुटुंबे अनेक आहेत. आपल्याकडे सर्वांत जास्त विषबाधा ज्यांनी केली ते ऑरगॅनोफॉस्फरस कुटुंब. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरोपायरीफॉस, अ‍ॅसिफेट, डायमेथोएट ही त्यातलीच नावे. या कुटुंबाचा इतिहास विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. गेऱ्हार्ड श्राडर हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ 1936 साली पिकांवरील किडीसाठी नवे रसायन शोधत असताना त्यांच्या हाती टाबुन लागले. ते इतके जहाल निघाले, की त्याचा पुढे युद्धातील विषारी वायू झाला. 1995 च्या मार्च महिन्यात टोकियोच्या भुयारी रेल्वेत ज्या सरिन वायूने माणसे मारली गेली, तोही याच कुळातला. शेतात मारतो ते त्या मानाने सौम्य, पण काम करण्याची रीत एकच.

ती रीत अशी. आपल्या मज्जातंतूंचा निरोप स्नायूपर्यंत पोचवण्यासाठी शरीर अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा पदार्थ सोडते. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज नावाचे विकर तो पदार्थ लगेच पुसून टाकते. शाळेच्या घंटेसारखे समजा. शिपाई टोल देतो आणि हात घंटेवर ठेवून नाद थांबवतो. ऑरगॅनोफॉस्फरस विष ह्या शिपायाचे हात बांधून ठेवते. घंटा वाजत राहते. मग ज्या ज्या ग्रंथींना आणि स्नायूंना निरोप जातो ते सगळे थांबायचे विसरतात. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येते, घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात, लघवीवर ताबा राहत नाही. डोळ्याची बाहुली आकसून टाचणीच्या टोकाएवढी होते, म्हणून धूसर दिसते. दंड-मांड्यांचे स्नायू आपोआप थरथरतात आणि पुढे लुळे पडतात. छातीत पाणी दाटते आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात. मृत्यू बहुधा श्वास थांबल्याने येतो.

ही लक्षणे तपशिलाने देण्याचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका घरातील तरुण फवारणी करून आला. डोके गरगरते, मळमळते म्हणाला. घरच्यांना वाटले, ऊन लागले. कांदा फोडून दिला, ताक दिले. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेले, तिथेही एक सलाईन लावून घरी पाठवले. रात्री तोंडाला फेस आला तेव्हा जीपने शहरात हलवले. तो वाचला. पण ते बारा तास वाया गेले नसते, जर कुणी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बाहुली पाहिली असती आणि 'आज काय मारले?' एवढे विचारले असते. ऊन लागलेल्याच्या तोंडाला सहसा कोरड पडते. याच्या तोंडातून लाळ गळत होती.

सर्वच कीटकनाशके असे करीत नाहीत. सायपरमेथ्रीनसारख्या औषधांनी चेहऱ्याची आग होते, मुंग्या येतात. पॅराक्वाट या तणनाशकाने फुप्फुसे आणि मूत्रपिंडे जातात आणि त्यावर उतारा नाही. म्हणून दवाखान्यात जाताना औषधाचा डबा किंवा निदान त्यावरचे लेबल सोबत नेणे, हे पेशंट नेण्याइतकेच महत्त्वाचे समजावे. चार औषधे मिसळली असतील तर चारही न्यावीत.

यवतमाळचा तो पावसाळा

2017 च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात जे घडले त्याने हा विषय देशभर गाजला. कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर एकामागून एक दवाखान्यात येऊ लागले. जिल्ह्यात 20 हून अधिक माणसे दगावली, 800 हून अधिक जणांना उपचार घ्यावे लागले. कित्येकांची दृष्टी काही दिवस गेली होती. काही जण भ्रमिष्टासारखे वागू लागले, त्यांना खाटेला बांधून ठेवावे लागले. बुलढाण्यासह विदर्भाच्या अन्य जिल्ह्यांतूनही विषबाधेच्या बातम्या आल्या.

असे त्याच वर्षी का व्हावे? वर्षानुवर्षे लोक फवारीत होतेच. कारणे अनेक एकत्र आली. बोंडअळीला तोंड देणारे म्हणून 2002 पासून आलेले बीटी बियाणे गुलाबी बोंडअळीपुढे हतबल ठरले होते. त्यात पांढरी माशी, तुडतुडे. घाबरलेल्या शेतकऱ्याने फवारण्या वाढवल्या आणि दोन-तीन औषधे एकत्र करून मारली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे नोझल खाली न राहता तोंडासमोर आले. हवा दमट आणि कोंदट. हातपंपाऐवजी बॅटरीचे पंप आले होते. त्यांचा फवारा बारीक आणि जोराचा, धुक्यासारखा अंगावर परतणारा. यातले एकच असते तर कदाचित इतके मोठे झाले नसते.

दोष फवारणाऱ्यांच्या निष्काळजीपणाला देणारे पुष्कळ निघाले. हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही. हे खोटे नाही. परंतु भाद्रपदाच्या उकाड्यात प्लास्टिकचा अंगभर पोशाख घालून आठ तास चिखलात चालून दाखवा, असे या मंडळींना म्हणावेसे वाटते. जो पोशाख माणूस अर्धा तास घालू शकत नाही, त्याच्या भरवशावर सुरक्षित म्हणून औषध विकणे हा कुठला न्याय? शासनाने विशेष चौकशी पथक नेमले, मृतांच्या कुटुंबांना 2 लाख रुपयांची मदत दिली. पुढे यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलढाणा या पाच जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी घातली गेली. साठच दिवस का, असा प्रश्न पडेल. कारण 1968 च्या कीटकनाशक कायद्याने राज्य सरकारला तात्पुरत्या बंदीचाच अधिकार आहे. कायमची बंदी केंद्राने घालायची.

यवतमाळचे प्रकरण पुढे समुद्रापार गेले. पोलो या नावाने विकल्या जाणाऱ्या डायफेन्थियुरॉन औषधामुळे आपल्याला इजा झाली अशी तक्रार 51 बाधितांच्या वतीने 2020 साली स्वित्झर्लंडमध्ये दाखल झाली, कारण ते बनवणारी सिंजेंटा कंपनी तिथली. कंपनीने जबाबदारी नाकारली. खुद्द स्वित्झर्लंडच्या शेतात मात्र हे औषध वापरण्यास परवानगी उरलेली नव्हती, ही गोष्ट वाचकांनी आपल्या मनाशी ताडून पाहावी.

मोनोक्रोटोफॉसची कथा याहून लांब आहे. भाजीपाल्यावर त्याचा वापर 2005 सालीच बंद केला होता. तरीही ते विकले जात होते, कारण कपाशीसाठी चालत होते. 2013 च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन 23 मुले मरण पावली. भाजीच्या तेलात हेच विष होते. अखेर 2023 साली केंद्र सरकारने त्याच्या 36 टक्के द्रवरूप प्रकारावर बंदीचा आदेश काढला. जुना डबा घरात किंवा गोठ्यात पडलेला असेल तर तो आता वापरण्याची वस्तू नाही. आणि रिकाम्या डब्याबद्दल तर बोलायलाच नको. आपल्या घरांत असे डबे घासून त्यांत रॉकेल, तेल, क्वचित डाळसुद्धा ठेवलेली आम्ही पाहिली आहे. 1971 च्या नियमांनुसार रिकामा डबा फोडून, वस्तीपासून दूर पुरायचा असतो.

हा कायदा झाला तोही अशाच मृत्यूंतून. 1958 साली केरळात व शेजारच्या मद्रास राज्यात गव्हाचे पीठ खाऊन 100 हून अधिक माणसे मेली. बोटीवर पिठाच्या पोत्यांजवळ फॉलिडॉल म्हणजे पॅराथिऑनचा माल होता, तो गळून पिठात उतरला होता. चौकशी आयोग बसला आणि दहा वर्षांनी कायदा आला. त्याखालील नियमांत फवारणी करणाऱ्यास संरक्षक कपडे, प्रथमोपचाराची सोय आणि प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. लेबलावरील चौकोनी चिन्हाचा रंगही याच नियमांतून आला. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. उंदरांना तोंडावाटे दिल्यावर त्यांतले निम्मे ज्या मात्रेने मरतात, त्यावर हे रंग ठरतात. लालसाठी ती मात्रा वजनाच्या दर किलोला 1 ते 50 मिलिग्रॅम आहे. हिशेब माणसाला तंतोतंत लागू होत नाही, पण 50 किलोच्या माणसासाठी जास्तीत जास्त अडीच ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचा. हिरवा रंग पाहून मात्र कुणी निर्धास्त होऊ नये. रंग फक्त एका वेळच्या मात्रेचा धोका सांगतो. दहा वर्षांत काय होईल ते सांगत नाही.

दहा वर्षांत काय होते, हे सांगणे शास्त्रज्ञांनाही अवघड जाते. मजूर एकाच औषधात राहत नाही, शंभरांत राहतो, आणि त्याने कधी काय मारले याची नोंद कुठेच नसते. तरी काही गोष्टी पुढे आल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली मॅलॅथिऑन आणि आपल्या सोयाबीनवाल्यांच्या परिचयाचे ग्लायफोसेट यांना 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला ग्लायफोसेटबाबत हे मान्य नाही, हेही सांगितले पाहिजे. भारत सरकारने 2022 साली ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच करावा असा आदेश काढला. हा आदेश गावोगाव किती पाळला जातो ते वाचक जाणतातच. केरळच्या कासारगोड जिल्ह्यात काजूच्या सरकारी बागांवर सत्तरच्या दशकापासून 2000 सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. तिथल्या खेड्यांत व्यंग घेऊन जन्मलेली मुले, मतिमंदत्व, अपस्मार यांची प्रकरणे इतकी झाली, की 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्यावर बंदी घातली आणि 2017 साली केरळ सरकारला बाधितांना प्रत्येकी 5 लाख रुपये देण्यास सांगितले. ती मुले पंप घेऊन कधीच शेतात गेली नव्हती.

आपल्याकडेही जी बाई फवारणीला पाणी वाहते, औषधाचे कपडे धुते आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेतात निंदायला वाकते, तिला कुणी 'फवारणी करणारी' म्हणत नाही. पोटुशी बाईने यातले एकही काम करू नये. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत, लेकराच्या लंगोटांत मिसळू नयेत. ते वेगळे भिजवावेत आणि जमल्यास घालणाऱ्यानेच धुवावेत.

आता मजुराने करावे तरी काय, असे विचाराल. पूर्ण पोशाख मिळाला आणि सोसला तर उत्तमच. नसेल तर लांब बाह्यांचा जाड सुती सदरा, पाठीवर पंपाखाली एक आणि पुढे कमरेपासून गुडघ्यापर्यंत एक असे मेणकापड, रबरी हातमोजे, बंद बूट. रुमाल ओला झाला की तो तोंडाशी विष धरून ठेवतो, बदलावा. वारा पाठीशी ठेवावा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारावे. गळका पंप घेऊन कामावर जाऊ नये. वॉशर काही रुपयांचा येतो आणि तो मालकाने आणायचा असतो. शेताच्या बांधावर साबण आणि स्वच्छ पाण्याची घागर असणे ही मजुराची मेहेरबानी नव्हे, मागणी असावी. आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, पंपावर मजुरी ठरवण्याची पद्धत मोडून तासांवर ठरवावी. अंगावर सांडलेले धुवायला थांबल्याने ज्याचे पैसे जातात, तो थांबत नाही.

कुणाला विषबाधा झालीच तर त्याला शेताबाहेर सावलीत न्यावे. ओले कपडे सगळे काढावेत, लाज धरू नये. साबणाने व भरपूर पाण्याने केसांपासून नखांपर्यंत धुवावे. धुणाऱ्याने आपले हात सांभाळावेत. कुशीवर निजवावे. मिठाचे पाणी, दूध, तूप, ताक काही पाजू नये. उलटी करवू नये, कारण तेलकट औषध उलटीतून फुप्फुसात जाते. 108 ला फोन करावा. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा विनाशुल्क क्रमांक डॉक्टरांनाही उपयोगी पडतो. ऑरगॅनोफॉस्फरसवर अ‍ॅट्रोपीन हे इंजेक्शन प्रभावी आहे, सोबत प्रॅलिडॉक्झिम देतात. रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी केली की विष किती भिनले ते कळते. 2017 मध्ये या तपासणीची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी नसल्याची फार चर्चा झाली होती. पेशंटला बरे वाटू लागले तरी घाईने सुटी मागू नये. एक ते चार दिवसांत मान आणि छातीचे स्नायू अचानक दुबळे पडून श्वास बंद होऊ शकतो. पुष्कळ माणसे अशी 'बरी होऊन' गेली आहेत.

एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विषाचा डबा घरात, आढ्याला किंवा दिवाणाखाली असतो, म्हणून रागाच्या एका क्षणात तो हाताशी येतो. श्रीलंकेने 1984 पासून एकेक जहाल औषध बंद करीत नेले. 1995 सालापासून पुढच्या दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. त्यासाठी शेतीचे उत्पन्न घटल्याचे दिसले नाही. डबा कुलपात ठेवणे हे घरच्या पातळीवर आपल्यालाही आजच करता येते.

कागदाची बाजू

येथे आमच्या पेशाचे थोडे बोलतो. शेतकऱ्यासाठी राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात आणि कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा तिच्यात धरली जाते. मात्र ती सातबारा असलेल्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. म्हणजे ज्याच्या शेतात फवारले त्याला लाभ, आणि ज्याने फवारले त्या भूमिहीनाला नाही! हंगामात पन्नास दिवस विषात उभा राहणारा माणूस योजनेच्या नजरेत शेतकरीच नाही. या एका मुद्द्यावर संस्थांनी, ग्रामसभांनी ठराव करून वर पाठवले पाहिजेत. मजूर आणि मालक यांत भांडण लावण्याचा हा विषय नव्हे. दोन एकरवाला मालकही उद्या दुसऱ्याच्या बांधावर मजूर म्हणून उभा असतो.

ठराव मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर दवाखान्यात केसपेपरवर 'उलट्या' किंवा 'चक्कर' एवढेच लिहिले जाऊ नये. 'शेतात फवारणी करताना विषबाधा', औषधाचे नाव, तारीख आणि वेळ लिहून घ्यावी. तसे न लिहिल्यास पुढे तो आत्महत्येचा प्रयत्न ठरतो आणि घरच्यांना सिद्ध करीत बसावे लागते. मृत्यू झाल्यास पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नये, मन कितीही नको म्हणाले तरी. तसेच बँकेत बचत खाते असलेल्या 18 ते 50 वयाच्या कुणालाही प्रधानमंत्री जीवनज्योती विमा घेता येतो. वर्षाला 436 रुपये खात्यातून कापले जातात आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला 2 लाख रुपये मिळतात. त्यासाठी सातबारा लागत नाही. मुदत 1 जूनपासून 31 मेपर्यंत असते, म्हणून फवारणी सुरू होण्याच्या आत, मे महिन्यातच खात्यात तेवढी रक्कम आहे ना हे पाहावे. फॉर्म शाखेत फुकट मिळतो. वारसाच्या रकान्यात नाव आधार कार्डावर आहे तसेच लिहावे, लाडाचे नाव लिहू नये.